मिनिटांचा तक्ता

मला मिनिटांप्रमाणे पैसे मिळतात.
तक्त्यात रकाने आहेत: आल्याची वेळ, गेल्याची वेळ,
कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत.
न बोलल्याला रकाना नाही.

काराशोकच्या दवाखान्यात, जानेवारीत,
दुपारी दोनलाच अंधार पडलेला असताना
तोरुनच्या खोलीत ते तिघे आले:
इस्सात, त्याची बायको राव्दना, आणि धाकटा नील्लास,
टोपी हातात गोल गोल फिरवत.
थोरला मिक्कल आला नव्हता.
म्हणजे तो आता कुठेच येत नव्हता.
फायलीत तसं लिहिलेलं होतं, एका ओळीत.

तोरुन बर्गनची. भली बाई.
सुरुवात सोपी व्हावी म्हणून तिनं विचारलं,
किती रेनडिअर आहेत तुमच्याकडे?

मी गप्प राहिले.
दुभाष्यानं प्रश्न गाळायचा नसतो, तसा करारच आहे.
पण आमच्यात हा प्रश्न म्हणजे
पाहुण्यानं उंबरा ओलांडताच
फडताळातलं पासबुक उघडून बघावं.
एवढंच मी तिला तिच्या भाषेत सांगितलं.
तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
मग म्हणाली, "आधी माझी चूक त्यांना सांग.
मग माझी माफी."
मी दोन्ही सांगितलं.
इस्सातच्या मिशीखाली काहीतरी हललं.
हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या भावकीतलं.

पुढच्या खेपेला खुर्च्या फिरवलेल्या होत्या,
समोरासमोर नाही, सगळ्या खिडकीकडे तोंड करून,
गाडीत बसतात तशा.
शेजारच्याकडे न बघता बोलता येतं तिथे.
मधे थर्मास.
इस्सातनं खिशातून सुकं मांस काढलं,
चाकूनं कापून कपांत टाकलं, तिच्याही.
ती प्यायली. माझं लक्ष होतं.
तोंड वाकडं केलं नाही,
आणि वा वा पण केलं नाही.

तिसरी खेप: एकूण शब्द अकरा.
चौथी: वाऱ्याबद्दल, पाऊस पडून गोठलेल्या बर्फाबद्दल,
त्याच्याखालचं दगडफूल
खुरांना सापडत नाही, त्याबद्दल.
तोरुननं वहीत काही टिपलं नाही.
एकदा तर पंचवीस मिनिटं तिनं काहीच विचारलं नाही
आणि मी, जिचं पोट दोन जिभांवर चालतं,
दोन्ही आवरून बसले.
असं बसणं मला शाळेनं विसरायला लावलं होतं.

पाचव्या खेपेला राव्दना बोलली, खिडकीशी.
"बुटात घालायचं गवत यंदाही कापलं.
विंचरलं. वेढे वळले.
माणशी एक.
मोजले तर चार."

चार, मी सांगितलं.
सोपा शब्द आहे, कुठल्याही भाषेत.
माझ्या घशात आडवा आला.

वाटलं, आता तोरुन शिकलेलं काहीतरी काढेल,
दुःखाचे टप्पे वगैरे.
ती म्हणाली,
"त्याचं पाऊल केवढं होतं?"

इस्सातनं दोन्ही तळवे हवेत धरले.
थोडे जवळ आणले. पुन्हा लांब नेले.
नक्की आठवेना, म्हणून तो रडला,
बाकी कशासाठी नाही, निदान तेव्हा.

तेवढ्यात नील्लास, टोपीत बघत:
"मला बसतात त्याचे बूट.
नोव्हेंबरपासून.
रात्री घालून बघतो."

हे वाक्य मी नॉर्वेजियनमध्ये दोनदा सांगितलं.
पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

कोणी कोणाला मिठी मारली नाही.
राव्दनानं फक्त वाकून
पोराच्या आत्ताच्या बुटाची नाडी बांधली,
सोळा वर्षांच्या पोराच्या, आणि त्यानं बांधू दिली.
तोरुन उठली, कॉफी ओतली, सगळ्यांना.
मलाही. दुभाष्याला सहसा कोणी विचारत नाही.

बाहेर, गाडीवरचं बर्फ खरवडता खरवडता
राव्दना मला म्हणाली,
"तिला सांग, गवत ऑगस्टमध्ये कापतात.
यायचं असेल तर विळा आमच्याकडे आहे."

मी उलटपावली आत जाऊन सांगितलं.
तक्त्यात ते नाही.